कर्ज कोणाचें व किल्ली कोणाची?

गेल्या सुगीच्या अखेरीस आमच्या मंडळींतील एक तरुण शेतकरी सायंकाळच्या उपासनेनंतर मजकडे आला. त्याच्या हातीं त्याच्या मयत बापानें लिहून दिलेल्या खताची नक्कल होती. बापानें तो पैसा कोठें घातला हें घरांत कोणासही ठाऊक नाहीं. शेतांत विहीर झाली नाहीं, गोठ्यांत बैल आला नाहीं, कीं बहिणीचें लग्नही त्यांतून झालें नाहीं. "पाळकसाहेब," तो म्हणाला, "मीं हा पैसा डोळ्यांनीं पाहिलाही नाहीं. मग हें कर्ज माझें कसें? आणि माझें नसेल, तर तें न फेडणें पाप कसें?" सावकाराचा कारकून त्याच्याकडे एक नवा कागदही घेऊन आला होता. निम्म्यावर तडजोड करूं. परंतु कर्ज फिटेपर्यंत दरसाल तुमचें पीक आमचा माणूस बाजारांत विकील, आमचा हप्ता कापून घेईल व उरलेलें तुमच्या हातीं देईल, असें त्यांत लिहिलें होतें.

वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. त्या रात्रीं मी त्यास नीट उत्तर देऊं शकलों नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं एका दूरच्या देशाचा इतिहास वाचीत असतां हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर माझ्यासमोर उभा राहिला. तेथें बापाच्या जागीं राज्यकर्ते होते, मुलाच्या जागीं सारी प्रजा होती, आणि पिकाच्या जागीं बंदरावरील जकात होती. ती हकीकत आपणांपुढें मांडावी असें वाटलें.

क्यूबा व पोर्तो रिको या दोन बेटांच्या मध्यें कॅरिबियन समुद्रांत हिस्पॅनिओला नांवाचें मोठें बेट आहे. त्याच्या पश्चिमेकडील तिसऱ्या हिश्शांत हैती व पूर्वेकडील दोन हिश्शांत डोमिनिकन प्रजासत्ताक अशीं दोन राज्यें आहेत. डोमिनिकन लोक स्पॅनिश भाषा बोलतात. पुष्कळांच्या अंगीं आफ्रिकन व स्पॅनिश असें दोन्ही रक्त आहे. हैतीच्या सत्तेंतून ते २७ फेब्रुवारी १८४४ रोजीं स्वतंत्र झाले. ऊंस, कोको, तंबाखू व कॉफी हीं तेथील पिकें. सरकारचें बहुतेक सारें उत्पन्न बंदरांवर बसविलेल्या जकातीचें असे. यामुळें ज्याच्या हातीं बंदर त्याच्या हातीं पैसा, आणि ज्याच्या हातीं पैसा त्याच्या हातीं फौज, अशी त्या देशाची स्थिति होती. बंड करणाराही प्रथम एखादें जकातनाकें धरीत असे.

आतां त्या देशाचें पहिलें मोठें परदेशी खत कसें झालें तें ऐका. १८६९ सालीं बुएनाव्हेंतुरा बाएझ हा अध्यक्ष होता. त्यानें लंडनच्या एडवर्ड हार्टमाँट नांवाच्या गृहस्थाबरोबर ४ लाख २० हजार पौंड कर्जाचा करार केला. त्यांतून १ लाख पौंड हार्टमाँटनें आपली दलाली म्हणून ठेवावे असें ठरलें. मग त्यानें बाजारांत ७ लाख ५७ हजार ७०० पौंडांचे रोखे विकावयास काढले. आणि डोमिनिकन सरकारच्या हातीं काय आलें? सुमारें ३८ हजार पौंड! खतावर साडेसात लाखांचा आंकडा आणि पदरांत चाळीस हजारही नाहींत. १८७५ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटच्या एका समितीनें परदेशी राज्यांस दिलेल्या अशा कर्जांची चौकशी केली, तेव्हां हें प्रकरण उजेडांत आलें.

खेड्यांतील वाचकांस यांत कांहीं नवल वाटणार नाहीं. शंभर लिहून घ्यावे, साठ हातीं ठेवावे, वर्षानें व्याज मुद्दलांत मिळवावें व जुनें खत फाडून दीडशांचें नवें करावें, ही रीत आमच्या आजोबा-पणजोबांस पुरी ठाऊक होती. लंडनमध्यें वर सांगितलेली चौकशी झाली त्याच १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांकरितां जो कायदा झाला त्यांत न्यायाधीशास असा अधिकार दिला होता कीं, खतावरील आंकड्यावर न थांबतां त्याच्या मागें जाऊन मुळांत पैसा किती दिला गेला हें त्यानें शोधावें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

सांतो दोमिंगोची कथा येथून अधिक वाईट होत जाते. १८८२ पासून १८९९ पर्यंत त्या देशावर उलिसेस उरो याचें वजन राहिलें. थोडीं वर्षें दुसरे अध्यक्ष नांवाला होते, परंतु सत्ता त्याचीच. शूर, हुशार, आणि शत्रूस विकत घ्यावें, न विकला गेला तर मारावें, अशा वृत्तीचा हा मनुष्य. शिपाई, हेर व विकत घेतलेले मित्र या सर्वांना पैसा लागतो. १८८८ सालीं त्यानें आम्स्टरडॅमच्या वेस्टेनडॉर्प पेढीकडून ७ लाख ७० हजार पौंडांचें कर्ज काढलें, आणि हार्टमाँटच्या जुन्या रोख्यांचा कांहीं निकाल त्यांतूनच लावला. म्हणजे पहिलें खत दुसऱ्या खताच्या पोटांत गेलें. या कर्जाच्या तारणादाखल जकात वसूल करण्याचें काम पेढीच्या माणसांकडे गेलें. दोन वर्षांनीं पोर्तो प्लाता ते सांतियागो या आगगाडीकरितां आणखी ९ लाख पौंड काढले. १८९२ सालीं डच पेढीचा जीव थकला व तिची जागा न्यू यॉर्कच्या 'सांतो दोमिंगो सुधारणा कंपनी'नें घेतली. नांवांत सुधारणा होती. काम एवढेंच कीं जुने रोखे मोडून नवे करावे, नवे रोखे युरोपांत खपवावे, जकात आपण वसूल करावी, व अध्यक्षास खर्चाला पैसे पुरवावे.

हे रोखे विकत घेणारे कोण होते हें पाहण्यासारखें आहे. त्यांत बेल्जम व फ्रान्स येथील साधे लोक पुष्कळ होते. सांगतात कीं, त्यांतील कित्येक भोळ्या रोमन कॅथोलिक शेतकऱ्यांना डोमिनिकन प्रजासत्ताक म्हणजे संत डोमिनिकच्या साधूंचीच एखादी संस्था असावी असें वाटलें, आणि साधूंचा पैसा बुडणार नाहीं या विश्वासानें त्यांनीं पेटीच्या तळांतील शिल्लक दिली. ही गोष्ट मला फार बोचली. आम्ही सावकार म्हटला कीं ताबडतोब गलेलठ्ठ, डोळे मिटून व्याज मोजणारा असा एक मनुष्य डोळ्यांपुढें आणतों. परंतु येथें कर्ज देणारांत आपल्यासारखेच घाम गाळणारे होते, आणि त्यांनाही तितकेंच फसविलें गेलें होतें. कर्ज बुडविलें म्हणजे सावकार बुडतो, असें नेहमींच नसतें.

२६ जुलै १८९९ रोजीं मोका गांवीं रामोन कासेरेस नांवाच्या तरुणानें व त्याच्या सोबत्यांनीं उरोला गोळ्या घालून ठार केलें. तिजोरी रिकामी होती, कागदी नोटांना किंमत राहिली नव्हती, आणि कर्ज मात्र जेथल्या तेथें होतें. तें आतां कोणीं फेडावें?

एक पक्ष म्हणतो, सही देशाच्या नांवानें झाली. राज्यकर्ता मेला तरी देश मेला नाहीं. दिलेला शब्द पाळावा. दुसरा पक्ष म्हणतो, जुलमी मनुष्यानें प्रजेलाच दडपण्यासाठीं काढलेलें कर्ज प्रजेनें फेडणें म्हणजे आपल्याच पाठीवर बसलेल्या चाबकाची किंमत देणें होय. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें नवें नाहीं. बापानें दारू व जुगार यांपायीं केलेलें ऋण मुलावर बसत नाहीं, असें या देशांतील जुन्या धर्मशास्त्रकारांनीं सांगून ठेविलें आहे. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं स्वतः हेंच तत्त्व मांडलें होतें. १८९८ सालीं स्पेनशीं युद्ध संपल्यावर पॅरिस येथें तहाचें बोलणें चाललें असतां, स्पेननें क्यूबाच्या नांवावर चढविलेलें कर्ज कोणीं घ्यावें हा प्रश्न निघाला. अमेरिकन वकील म्हणाले कीं, तें कर्ज क्यूबाच्या लोकांच्या संमतीवांचून त्यांच्यावर लादलेलें आहे, तें त्यांच्याच विरुद्ध खर्चलेलें आहे, म्हणून तें त्यांस बांधत नाहीं. संमति हा शब्द वाचकांनीं मनांत धरावा.

मला स्वतःला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. आमच्या त्या तरुणास मीं पुढें एवढें सांगितलें कीं, बापाच्या हातीं खरोखर जो पैसा पडला असेल तो देणाऱ्याचा आहे. तो नाकारूं नकोस. पण खतावरील आंकडा आणि हातीं पडलेला पैसा या दोन गोष्टी एक आहेत असें समजून मानही खालीं घालूं नकोस. आधीं हिशेब मागावा. देशाच्या बाबतींतही पहिलें पाऊल हेंच असावें असें मला वाटतें. आणि पुढें घडलें तेंही कांहीं अंशीं तसेंच.

उरोनंतर हुआन इसिद्रो हिमेनेस अध्यक्ष झाला. त्यानें जानेवारी १९०१ मध्यें सुधारणा कंपनीच्या माणसांस जकातनाक्यांतून बाहेर काढलें. कंपनीनें वॉशिंग्टनकडे धांव घेतली. १९०३ च्या आरंभीं करार झाला कीं, कंपनीचा सारा हक्क ४५ लाख डॉलरांस सोडवून घ्यावा, आणि पैसे कसे द्यावे हें लवादानें ठरवावें. जुलै १९०४ मध्यें लवादाचा निवाडा आला. हप्ता चुकला तर पोर्तो प्लाताचें जकातनाकें, व तें न पुरल्यास आणखी कांहीं बंदरांतील नाकीं, ताब्यांत घ्यावीं असें त्यांत होतें. हप्ता अर्थातच चुकला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पोर्तो प्लाताच्या नाक्याची किल्ली अमेरिकन माणसाच्या हातीं गेली. हें पाहतांच फ्रान्स, बेल्जम, इटली येथील ऋणको-धनकोंच्या भांडणांत सरकारें उतरलीं: अमेरिकेच्या कंपनीस बंदर मिळतें, मग आमच्या लोकांस कां नाहीं?

ही नुसती धमकी नव्हती. १९०२ च्या अखेरीस इंग्लंड, जर्मनी व इटली यांनीं कर्जाच्या वसुलीसाठीं व्हेनेझुएलाचीं बंदरें आरमारानें अडविलीं होतीं. आणि फेब्रुवारी १९०४ मध्यें हेग येथील न्यायमंडळानें असा निकाल दिला होता कीं, ज्यांनीं नाकेबंदी केली त्यांचे पैसे आधीं द्यावे. जो तोफ घेऊन येईल तो पंगतींत पहिला, असाच त्याचा अर्थ झाला. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस भय पडलें कीं, आज जकातीसाठीं आलेलें युरोपचें आरमार उद्यां परत जाणार नाहीं. त्यांना ते बेट आपल्या राज्यास जोडावयाचें नव्हतें. पोट भरलेल्या अजगराला साळिंदर, तेंही शेपटीकडून, गिळण्याची जितकी हौस असेल तितकीच मला हें बेट घेण्याची आहे, अशा अर्थाचें त्यांनीं एका पत्रांत लिहिलें होतें. ६ डिसेंबर १९०४ च्या आपल्या संदेशांत त्यांनीं जाहीर केलें कीं, या बाजूच्या एखाद्या राज्यानें आपलीं कर्तव्यें पाळलीं नाहींत, तर शेजारचा फौजदार म्हणून अमेरिकेस मध्यें पडावें लागेल.

त्या वेळीं सांतो दोमिंगोस कार्लोस मोरालेस हा अध्यक्ष होता. हा पूर्वीं रोमन कॅथोलिक याजक होता. त्याच्याभोंवतीं बंडें, समोर धनको, आणि बंदरांत अमेरिकन युद्धनौका. फेब्रुवारी १९०५ मध्यें त्याच्या सरकारनें करार केला कीं, सर्व जकातनाकीं अमेरिकेनें चालवावीं. अमेरिकेच्या सेनेटनें तो मंजूर केला नाहीं. तेव्हां रूझवेल्ट यांनीं 'तात्पुरती व्यवस्था' म्हणून १ एप्रिल १९०५ पासून तीच गोष्ट चालूं केली. फिलिपाईन बेटांत जकातीचें काम केलेले कर्नल जॉर्ज कोल्टन वसुलीवर बसले. शंभरांतील ४५ टक्के डोमिनिकन सरकारास खर्चासाठीं मिळावे, व उरलेल्या ५५ टक्क्यांतून वसुलीचा खर्च भागवून बाकी न्यू यॉर्कच्या बँकेंत धनकोंसाठीं ठेवावी, असें ठरलें.

मग जेकब हॉलंडर नांवाच्या अर्थशास्त्राच्या अध्यापकास कर्जाचा हिशेब तपासण्यास पाठविलें. त्यानें प्रत्येक खताचें मूळ शोधलें: किती दिले, किती कापले, व्याजावर व्याज किती चढलें, कोणता दावा निव्वळ बनावट. आमच्याकडील १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास जें करण्यास सांगितलें तेंच त्यानें एका सबंध राष्ट्राच्या खतांविषयीं केलें. सर्व दावे मिळून सुमारें ४ कोटि डॉलर होते. तडजोडीनें ते सुमारें १ कोटि ७० लाखांवर आले. मग जुनीं खतें मोडून एकच नवें करावें, न्यू यॉर्कच्या कून, लोब पेढीमार्फत ५ टक्के व्याजानें, पन्नास वर्षांच्या मुदतीचे २ कोटि डॉलरांचे रोखे काढावे, त्यांतून सर्वांचे पैसे चुकवावे, व उरेल तें रस्ते-बंदरांस लावावें, अशी योजना झाली.

या कामाची स्तुति केल्यावांचून पुढें जाणें न्याय्य होणार नाहीं. चार कोटींचें ओझें निम्म्याहून खालीं आलें. बंडखोरांस लुटावयास जकातनाकें राहिलें नाहीं, म्हणून कांहीं वर्षें देश शांत झाला. नाक्यावरील चोऱ्या थांबल्या, आणि रूझवेल्ट यांच्या म्हणण्याप्रमाणें, आपल्या ४५ टक्क्यांत डोमिनिकन सरकारास पूर्वीं शंभर टक्क्यांत मिळे त्याहून अधिक मिळूं लागलें. तथापि हिशेबाच्या पांढऱ्या कापडावर दोन डाग आहेत, ते लपविणें बरें नव्हे. सुधारणा कंपनीस तिच्या दाव्याचे सुमारें ९० टक्के मिळाले. तिनें ज्यांच्या गळ्यांत रोखे बांधले त्या युरोपांतील रोखेधारकांस मात्र सुमारें ५० टक्के. ज्याच्यामागें प्रबळ सरकार त्याचें माप मोठें, असें झालें. आणि पुढें १९११ सालीं अमेरिकेंतच चौकशी निघाली कीं, हॉलंडर यांस अमेरिकेकडून मेहनताना मिळत असतां डोमिनिकन तिजोरींतूनही १ लाख डॉलर कसे मिळाले.

हे डाग सोडून द्या. समजा, आंकडे अगदीं चोख होते. तरी माझा मुख्य प्रश्न राहतोच. कर्जांत दोन गोष्टींचा निर्णय करावयाचा असतो: देणें किती, आणि हें कोणीं ठरवावें. पहिलीचा निर्णय पुष्कळ अंशीं सचोटीनें झाला. दुसरी गोष्ट ऋणकोस कोणीं विचारलीच नाहीं.

कोणी म्हणेल, विचारली होती. ८ फेब्रुवारी १९०७ रोजीं रीतसर तह झाला व त्याच सालीं मे महिन्यांत डोमिनिकन काँग्रेसनेंही तो मान्य केला. खरें आहे. पण तोंवर जकातनाकीं दुसऱ्याच्या हातीं जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. नाहीं म्हणतील तर अमेरिकन वसुलदार निघून जाईल, आणि त्याच्यामागून युरोपच्या युद्धनौका येतील, हें सर्वांना ठाऊक होतें. ज्याचा हात पिरगाळून धरला आहे त्यानें मान हालविली, तर ती संमति म्हणावी काय? क्यूबाच्या वेळीं संमतीवांचून कर्ज बांधत नाहीं असें म्हणणाऱ्या राष्ट्रानें, कांहीं वर्षांनीं, संमतीचा कागद मिळाला म्हणजे झालें असें मानलें.

या तहाचें तिसरें कलम पाहावें. कर्ज पुरतें फिटेपर्यंत अमेरिकेच्या अध्यक्षाशीं आधीं ठरविल्यावांचून डोमिनिकन सरकारनें आपलें सार्वजनिक कर्ज वाढवूं नये, असें तें कलम होतें. वाचतांना तें शहाणपणाचें वाटतें. उधळ्या मुलाच्या हातीं पुन्हा खत लिहिण्याची लेखणी कोण देईल? कित्येक भले लोक तेव्हां असेंच म्हणत: ही सावकारी नव्हे, हें पालकत्व आहे. मीही पुष्कळ दिवस या विचारावर अडलों होतों. पण अज्ञान मुलाचा पालक आणि हा पालक यांत एक भेद आहे. मूल वयांत केव्हां येतें हें पालक ठरवीत नाहीं. कायदा ठरवितो, आणि त्या दिवशीं पालकास हिशेब देऊन उठावें लागतें. येथें मूल वयांत आलें कीं नाहीं याचा निर्णय पालकाच्याच हातीं होता, आणि मुलाच्या पिकावर हक्क असलेले लोक पालकाच्याच गांवचे होते.

मोरालेस १९०५ च्या अखेरीस राजधानीतून पळाला होता. त्याच्यामागून अध्यक्ष झाला तो उरोला मारणारा रामोन कासेरेस. त्याच्या अमदानींत देश बऱ्यापैकीं चालला. परंतु १९ नोव्हेंबर १९११ रोजीं त्याचाही खून झाला, आणि पुन्हा पक्षापक्षांतील लढाया सुरू झाल्या. लढायांना पैसा लागला, पगार थकले, उसनवारी झाली. वॉशिंग्टननें तिसरें कलम काढलें: तुम्हीं आमच्या संमतीवांचून कर्ज वाढविलें! आतां नुसत्या जकातीनें भागेना. खर्चावरही आपला सल्लागार हवा, फौजेवर आपले अंमलदार हवे, अशी मागणी आली. मे १९१६ मध्यें अमेरिकन सैनिक सांतो दोमिंगो शहरांत उतरले. डोमिनिकन काँग्रेसनें फ्रान्सिस्को एन्रिकेस ई कार्वाहाल या विद्वान गृहस्थास अध्यक्ष निवडलें. तो त्या मागण्यांवर सही करीना. तेव्हां काय केलें? त्याच्या सरकारास जकातींतील त्याचाच वांटा देणें बंद केलें. शिक्षक, कारकून, शिपाई यांचे पगार अडले, तरी त्यानें सही केली नाहीं. २९ नोव्हेंबर १९१६ रोजीं कॅप्टन हॅरी नॅप यांनीं सैनिकी राज्य पुकारलें. जाहीरनाम्यांत कारण दिलें तें १९०७ च्या तहाच्या तिसऱ्या कलमाचा भंग.

चोर येऊं नये म्हणून शेजाऱ्याच्या हातीं दिलेली किल्ली अशा रीतीनें घराच्या मालकालाच बाहेर ठेवण्याच्या कामीं आली. जवळजवळ आठ वर्षें त्या देशास आपण निवडलेला अध्यक्ष नव्हता. रस्ते झाले, शाळा वाढल्या, हें नाकारतां येत नाहीं. पण त्याच काळांत पूर्वेकडील उंसाच्या मुलखांत शेतकऱ्यांचीं टोळकीं रानांत शिरून लढत राहिलीं. १९२० च्या जमीननोंदणीच्या कायद्यानें, कागद नसलेल्या सामाईक जमिनी साखरेच्या कंपन्यांस हस्तगत करणें सोपें झालें. आणि कर्ज वाढविलें म्हणून ज्यांचें राज्य काढून घेतलें, त्यांच्या नांवावर १९२१ व १९२२ सालीं त्या सैनिकी सरकारनेंच नवीं कर्जें काढलीं. त्यास संमति कोणाची घेतली? ज्यांनीं फेडावयाचें त्यांची नव्हे.

आमच्या वाचकांस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. १८७० सालीं हा देश अमेरिकेस जोडून घ्यावा असा बेत निघाला होता. त्याच्याविरुद्ध सेनेटर चार्ल्स सम्नर यांनीं त्या वर्षीं डिसेंबरांत जें गाजलेलें भाषण केलें त्याला 'नाबोथाचा द्राक्षमळा' असें नांव पडलें. पुढें सम्नर वेल्स नांवाच्या अमेरिकन मुत्सद्द्यानें, ज्यानें स्वतः त्या देशांतून सैन्य परत नेण्याच्या वाटाघाटी चालविल्या होत्या, १९२८ सालीं डोमिनिकन इतिहासाचे दोन ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि त्यांसही तेंच नांव दिलें. अहाब राजा व नाबोथ यांची कथा आपणांस पाठ आहे. तरी मला ही उपमा पुरती जुळत नाहीं असें वाटतें. नाबोथावर दोन खोटे साक्षीदार उभे केले होते. येथें साक्षीदार बहुतांशीं खरे होते, खत खरें होतें, हिशेबही तपासलेला होता. खोट्यानें केलेला अन्याय ओळखणें सोपें. खऱ्या हिशेबाच्या आधारानें जो होतो तो ओळखावयास वेळ लागतो, आणि तो करणाऱ्यासही आपण अन्याय करीत आहों असें वाटत नाहीं.

१९२४ च्या जुलैंत ओरासिओ व्हास्केस लोकांनीं निवडलेला अध्यक्ष म्हणून अधिकारावर आला व सैन्य परत गेलें. जकातीची किल्ली मात्र गेली नाहीं. ती परत देण्याचा तह २४ सप्टेंबर १९४० रोजीं झाला आणि १९४१ सालीं अंमलांत आला. छत्तीस वर्षें झालीं होतीं. ती परत घेणारा हात रफाएल त्रुहियो याचा होता. अमेरिकन सैनिकांनीं उभारलेल्या पोलिसदलांत तो वाढला, १९३० सालीं त्यानें सत्ता बळकावली, १९३७ सालीं सरहद्दीवर हजारों हैतियन मजुरांची कत्तल करविली. १९४७ मध्यें त्यानें परदेशी कर्जाची शेवटची रक्कम चुकती केली, आणि देशाचें आर्थिक स्वातंत्र्य परत मिळवून देणारा अशी पदवी लावून घेतली. १९६१ पर्यंत, म्हणजे त्याचाही खून होईपर्यंत, तो देशाच्या मानेवर बसून राहिला.

यावरून कोणी म्हणेल, पाहा, किल्ली परत देऊन काय भलें झालें? मला असें म्हणतां येत नाहीं. छत्तीस वर्षें ज्या घरांत मालकाला आपली पेटी उघडूं दिली नाहीं, त्या घरांत पेटी संभाळण्याची संवय कोणास लागावी? शिवाय, मालक वाईट निघेल म्हणून त्याचें घर आपल्याकडे ठेवावें, असें एकदां मान्य केलें तर पृथ्वीवरील कोणत्या दुबळ्याचें घर त्याच्याकडे राहील?

आमच्या त्या तरुणास मीं ही सारी हकीकत एका संध्याकाळीं सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. रूझवेल्ट, हॉलंडर हीं नांवें त्याच्या ध्यानांत राहिलीं असतील असें वाटत नाहीं. शेवटीं त्यानें एवढेंच विचारलें, "त्या कागदांत किल्ली कोणत्या सालीं परत द्यावयाची हें लिहिलें होतें काय?" मीं म्हटलें, नाहीं, रोखे फिटेपर्यंत, एवढेंच होतें. त्यानें कंदिलाजवळ सरकून कारकुनानें आणलेला कागद पुन्हा उलगडला व बोट ठेवून ती ओळ शोधली. मग तो कागद घडी करून परत खिशांत ठेवला. सही त्यानें अजून केलेली नाहीं. सावकाराच्या वह्या पाहावयास येत्या सोमवारीं आम्ही दोघे जाणार आहों.